को-प्रोसेसरची राखीव मेमरी डिव्हाइस ट्रीमध्ये कशी लिहायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच चिपवर लिनक्स चालवणारे मुख्य कोर आणि शेजारी स्वतःचं फर्मवेअर चालवणारा कॉर्टेक्स-एम, कॉर्टेक्स-आर किंवा डीएसपी, अशी रचना आता सर्रास दिसते. लिनक्समध्ये या शेजाऱ्याला चालू-बंद करण्याचं काम रिमोटप्रॉक ही चौकट करते. या शेजाऱ्याची, म्हणजे को-प्रोसेसरची, मेमरी बाइंडिंगमध्ये (नोडमध्ये काय लिहायचं याचे नियम) आणि बोर्डच्या डीटीएस फाइलमध्ये (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन, म्हणजे डिव्हाइस ट्री, जिच्यात लिहितात) कशी मांडायची, याबद्दलचे प्रश्न खाली आहेत. प्रॉपर्टींची नावं इथे देवनागरीत असली तरी फाइलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत लिहायची. पत्ते सगळीकडे हेक्समध्ये आहेत, उदाहरणातले आकारही.

मेमरी राखायची म्हणजे फाइलमध्ये नेमकं कुठे काय लिहायचं?

दोन ठिकाणी. मूळ नोडखाली रिझर्व्ड-मेमरी नावाचा एक नोड असतो. त्यात प्रत्येक तुकड्यासाठी एक उपनोड, आणि त्यात पत्ता, आकार व तो तुकडा कसा वापरायचा याच्या खुणा. मग को-प्रोसेसरच्या नोडमध्ये मेमरी-रीजन ही प्रॉपर्टी, जिच्यात त्या उपनोडांचे पीहँडल (नोडकडे बोट दाखवणारे संदर्भ) एकामागोमाग एक येतात. पहिला भाग कर्नलला सांगतो की इथे हात लावू नकोस. ही जागा कोणासाठी आहे ते दुसऱ्या भागातून ड्रायव्हरला कळतं.

ही पद्धत २०१४ साली ३.१५ कर्नलपासून आहे. मूळ नियमांचा स्किमा आता कर्नलच्या झाडात नसून डीटी-स्किमा या स्वतंत्र प्रकल्पात आहे, त्यामुळे कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये शोधून तो सापडला नाही तर गोंधळून जाऊ नका.

जुना मेमरिझर्व्ह निर्देश इथे कामाचा नाही. त्याने जागा राखली जाते, पण तिला ना नाव मिळतं ना पीहँडल, त्यामुळे ड्रायव्हर तिच्यापर्यंत पोचूच शकत नाही.

सगळं बरोबर लिहिलं, तरी कर्नल रिझर्व्ड-मेमरी नोडच वाचत नाही. का?

बहुतेक वेळा पालक नोडचं काहीतरी चुकलेलं असतं. त्यात ॲड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स (पत्ता व आकार किती सेलमध्ये, म्हणजे ३२ बिटी आकड्यांत, लिहायचे ते सांगणाऱ्या) हव्यात, त्यांची किंमत मूळ नोडमधल्या किमतीइतकीच हवी, आणि रिकामी रेंजेस प्रॉपर्टीही हवी. यातलं एक जरी चुकलं तरी बूट लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोअरिंग’ अशी एक ओळ येते आणि सगळाच्या सगळा नोड वगळला जातो. पुढे दिसणाऱ्या चुका मग भलत्याच ठिकाणच्या वाटतात.

३२ बिटी बोर्डची फाइल बघून ६४ बिटी बोर्डची लिहिताना हे हमखास होतं. ६४ बिटी बोर्डवर बहुधा दोन-दोन सेल असतात, म्हणजे पत्ता व आकार सांगणाऱ्या रेग प्रॉपर्टीत दोन नव्हे तर चार आकडे लागतात.

कुठली मेमरी रेगमध्ये, कुठली एसरॅम म्हणून आणि कुठली मेमरी-रीजनमध्ये?

को-प्रोसेसरच्या अंगचीच मेमरी, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-आर५एफची एटीसीएम आणि बीटीसीएम, त्याच्या स्वतःच्या नोडमधल्या रेगमध्ये जाते आणि रेग-नेम्समध्ये तिला नाव मिळतं. चिपवरची सामायिक एसरॅम एमएमआयओ-एसरॅम नोडखाली मांडून तिच्याकडे एसरॅम प्रॉपर्टीने बोट दाखवायचं. टीआय (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) कंपनीच्या के३ चिपांच्या बाइंडिंगमध्ये असंच आहे. डीडीआरमधून, म्हणजे मुख्य रॅममधून, कापून घेतलेला तुकडा मात्र मेमरी-रीजनमध्ये.

एसटी कंपनीच्या एसटीएम३२एमपी१५ चिपमध्ये ही वाटणी पाळलेली नाही. तिथे चिपवरची एसरॅमसुद्धा रिझर्व्ड-मेमरीखाली आहे. चालतं ते, कारण ड्रायव्हर तसाच लिहिलेला आहे. नवं बाइंडिंग लिहिताना मात्र तो कित्ता गिरवू नये.

नो-मॅप नेहमी लावायचंच का?

फर्मवेअरचा कोड, व्हीरिंग (लिनक्स आणि को-प्रोसेसर यांच्यातल्या निरोपांच्या रांगा) आणि सामायिक बफर यांच्यासाठी उत्तर जवळजवळ नेहमी हो असंच आहे. त्यामागची कारणं मात्र एकापेक्षा जास्त आहेत.

नो-मॅप नसेल तर कर्नल तो तुकडा आपल्या नेहमीच्या रेषीय मॅपिंगमध्ये, कॅशेबल म्हणून, ठेवतो. ड्रायव्हर पुढे त्याच जागेचं अनकॅश्ड मॅपिंग करायला गेला, तर एकाच भौतिक पत्त्याची दोन वेगळ्या गुणधर्मांची मॅपिंग होतात आणि कधी जुना, कधी नवा डेटा दिसतो. आर्मवर हे टाळण्यासाठी असं मॅपिंग करणारं आयओरीमॅप हे फंक्शन साध्या रॅमला नकारच देतं. म्हणून नो-मॅप विसरलेल्या टीआयच्या बोर्डवर ‘अनेबल टू मॅप रिझर्व्ड मेमरी’ असा निरोप दिसतो.

दुसरं कारण अंदाजी वाचन. मॅप केलेल्या मेमरीला कोणी स्पर्श केला नाही तरी सीपीयू आपल्या अंदाजाने तिथून काही ओढू शकतो. क्वालकॉमच्या चिपांवर मोडेम किंवा एडीएसपीची मेमरी सुरक्षित जगाने कुलूपबंद केलेली असते. तिथे असं एक वाचनही अख्खं उपकरण रीसेट करायला पुरतं. हा रीसेट कधी दोन मिनिटांनी येतो तर कधी दोन दिवसांनी, आणि लॉगमध्ये काहीच मागे राहत नाही.

तिसरं, ३२ बिटी आर्मवर शेअर्ड-डीएमए-पूल (कर्नलला ज्यातून वाटप करता येतं असा राखीव साठा) नो-मॅपशिवाय चालतच नाही. ‘रीजन्स विदाउट नो-मॅप आर नॉट येट सपोर्टेड’ असं कर्नल स्वतःच सांगतो.

मग रियूजेबल कधी वापरायचं?

नो-मॅप आणि रियूजेबल एकत्र नांदत नाहीत. रियूजेबल लिहिलं की तो तुकडा सीएमए (गरज पडली की सलग जागा मोकळी करून देणारा कर्नलचा साठा) होतो, म्हणजे को-प्रोसेसर बंद असताना कर्नल तो हलवता येण्याजोग्या पानांसाठी वापरतो. टीआयच्या जुन्या ओमॅप आणि डीआरए७ बोर्डांवर आयपीयू व डीएसपीसाठी असंच आहे. तिथे ते खपतं, कारण को-प्रोसेसरसमोर आयओएमएमयू (उपकरणाचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) आहे आणि फर्मवेअरची जागा डीएमएच्या मार्गाने मागून घेतली जाते. फर्मवेअर ठरावीक भौतिक पत्त्यावर लिंक केलेलं असेल आणि मध्ये आयओएमएमयू नसेल, तर रियूजेबलच्या वाटेला जाऊ नका. सीएमएला तुकड्याची सुरुवात आणि आकार दोन्ही मोठ्या पटीत जुळलेले लागतात. कर्नलचं पान ६४ केबीचं असेल तर ही पट ५१२ एमबीपर्यंत जाते.

शेअर्ड-डीएमए-पूल प्रत्येक तुकड्याला लावावं का?

ज्या तुकड्यातून कर्नलला वाटप करायचं आहे त्याला हवंच, म्हणजे बफरला, आणि ड्रायव्हर व्हीरिंगही पूलमधून घेत असेल तर त्यांनाही. फर्मवेअरच्या तुकड्याला ते लागत नाही, पण अनेक डीटीएस फाइलींमध्ये सवयीने लावलेलं दिसतं. बूटच्या वेळी ‘क्रिएटेड डीएमए मेमरी पूल’ अशी ओळ उमटते, एवढंच. ड्रायव्हरने तो पूल उपकरणाला जोडला तरच त्यातून वाटप होतं. त्याच ओळीत आकार ‘० एमआयबी’ दिसला तर घाबरू नका. आकडा पूर्ण एमबीत छापला जातो, त्यामुळे ४ केबीचा तुकडा शून्यच दिसणार.

मेमरी-रीजनमध्ये महत्त्व क्रमाला आहे की नोडच्या नावाला?

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. दोन्ही पद्धती वापरात आहेत, आणि कुठली लागू ते ड्रायव्हरवर ठरतं.

टीआयच्या के३ आर५एफ ड्रायव्हरला क्रम कळतो. पहिला तुकडा व्हीरिंग आणि बफरसाठी, दुसऱ्यापासून पुढचे फर्मवेअरसाठी. निदान दोन नसतील तर ड्रायव्हर पुढे जातच नाही. टीआयच्या बोर्डांवर बहुधा एका कोरला १ एमबीचा पूल आणि त्याला लागून १५ एमबीचा फर्मवेअर तुकडा दिलेला दिसतो. क्वालकॉमकडेही क्रमच: एसएम८५५० पासूनच्या चिपांवर पहिला तुकडा मुख्य फर्मवेअरचा आणि दुसरा त्या फर्मवेअरच्या स्वतःच्या डिव्हाइस ट्रीचा.

एसटी आणि एनएक्सपी आय.एमएक्स यांचे ड्रायव्हर नोडचं नाव बघतात. रिमोटप्रॉकचा गाभा व्हीडेव्ह०व्हीरिंग०, व्हीडेव्ह०व्हीरिंग१ आणि व्हीडेव्ह०बफर ही नावं शब्दशः शोधतो. आय.एमएक्सवर त्यात आरएससी-टेबल या नावाची भर पडते, तीही अंडरस्कोरने नव्हे, हायफनने. इथे नाव म्हणजे ॲट चिन्हाच्या आधीचा भाग. कोलनच्या आधी येतं ते लेबल. ते फक्त डीटीएस लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असतं आणि संकलनानंतर कर्नलपर्यंत पोचत नाही. लेबल बरोबर आणि नाव चूक, अशी फाइल विनातक्रार संकलित होते.

चूक झाली तर काय होतं तेही बघा. व्हीडेव्ह०बफर सापडलं नाही तर गाभा थांबत नाही. तो पालकाच्या मेमरी-रीजन यादीतला पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा, तुकडा पूल म्हणून जोडून बघतो. टीआयच्या रचनेत हेच हवं असतं. पण नावावर चालणाऱ्या बोर्डवर यादीत पहिली रेटरॅम (कॉर्टेक्स-एम४ चं व्हेक्टर टेबल जिच्यात असतं ती चिपवरची मेमरी) असेल आणि तिच्यावर सवयीने शेअर्ड-डीएमए-पूल लावलेलं असेल, तर आरपीमेसेजचे (दोन बाजूंमधल्या निरोपांची यंत्रणा) बफर थेट एम४ च्या व्हेक्टर टेबलवर जाऊन बसू शकतात. को-प्रोसेसर सुरू होतो, पहिला निरोप पाठवायला जातो आणि मरतो. माणूस फर्मवेअरमध्ये चूक शोधत बसतो, आणि चूक असते डीटीएसमधल्या एका अक्षराची.

आमचं मत: नव्या बाइंडिंगमध्ये नोडच्या नावाला अर्थ चिकटवू नये. क्रम ठरवून द्यावा, आणि तुकडे ऐच्छिक असतील तर जोडीला मेमरी-रीजन-नेम्स घ्यावी.

एखादं पूर्ण उदाहरण?

एसटीएम३२एमपी१५ च्या डीके बोर्डांवरची मांडणी अशी आहे:

रेटरॅम: पत्ता ३८००००००, आकार १००००, म्हणजे ६४ केबी
एमसीयूरॅम: पत्ता ३०००००००, आकार ४००००, म्हणजे २५६ केबी
एमसीयूरॅम२: पत्ता १०००००००, आकार ४००००
व्हीडेव्ह०व्हीरिंग०: पत्ता १००४००००, आकार १०००, म्हणजे ४ केबी
व्हीडेव्ह०व्हीरिंग१: पत्ता १००४१०००, आकार १०००
व्हीडेव्ह०बफर: पत्ता १००४२०००, आकार ४०००, म्हणजे १६ केबी

सहाही तुकड्यांवर शेअर्ड-डीएमए-पूल आणि नो-मॅप आहे. एम४ च्या नोडमध्ये मेमरी-रीजनची यादी याच क्रमाने येते.

यात दोन गोष्टी पटकन लक्षात येत नाहीत. एमसीयूरॅम आणि एमसीयूरॅम२ हे वेगवेगळे तुकडे नाहीत. तीच एसरॅम दोन पत्त्यांवरून दिसते. तुकडे एकमेकांवर आले तर कर्नल ‘ओव्हरलॅप डिटेक्टेड’ म्हणून ओरडतो खरा, पण तो फक्त आकडे ताडून बघतो. असं दुहेरी दर्शन त्याला ओळखता येत नाही, ते भान लिहिणाऱ्यानेच ठेवायचं.

दुसरी गोष्ट रेटरॅमची. लिनक्सला ती ३८०००००० वर दिसते, एम४ ला शून्यावर. हा फरक मेमरी-रीजनमध्ये कुठेच येत नाही. तो पालक बसच्या नोडमधल्या डीएमए-रेंजेसमध्ये लिहिलेला असतो: एम४ चा पत्ता शून्य, मुख्य पत्ता ३८००००००, लांबी १००००. रिझर्व्ड-मेमरीत नेहमी मुख्य सीपीयूला दिसणारा पत्ताच लिहायचा.

व्हीरिंग आणि बफरला किती जागा द्यायची?

अंदाजाने देऊ नका, हिशेब सोपा आहे. आरपीमेसेजचा एक बफर ५१२ बाइटचा, त्यातले १६ बाइट हेडरचे, म्हणजे मजकुराला ४९६. बफरांची एकूण संख्या म्हणजे एका व्हीरिंगमधल्या डिस्क्रिप्टरांच्या (एकेका बफरच्या नोंदींच्या) दुप्पट, पण ५१२ पेक्षा जास्त नाही. फर्मवेअरच्या रिसोर्स टेबलमध्ये (फर्मवेअरला काय हवं त्याची त्याच्यातलीच यादी) १६ लिहिलं असेल तर ३२ बफर, ३२ गुणिले ५१२ म्हणजे १६ केबी. वरच्या उदाहरणातला ४००० हा आकडा तिथून आला. कोणी फर्मवेअरमध्ये १६ चे ३२ केले आणि डीटीएस तशीच ठेवली, तर बफरला ३२ केबी लागतात आणि आरपीमेसेजचा ड्रायव्हर उणे १२ (मेमरी अपुरी) देऊन बसतो. व्हीरिंगच्या ४ केबीत मात्र, जुळणी (अलाइनमेंट) लहान असेल तर, ३२ डिस्क्रिप्टरही आरामात मावतात.

व्हीरिंग २५६ चा आणि जुळणी ४०९६ ची असेल तर एका व्हीरिंगला १०,२४६ बाइट लागतात. कर्नल ते पानाच्या पटीत वर नेतो, म्हणजे १२ केबी. कर्नलचं पान ६४ केबीचं असेल तर तीच मागणी ६४ केबी होते. ३२ केबीचा स्वतंत्र व्हीरिंग तुकडा मग अपुरा पडतो, आणि ‘रजिस्टर्ड कॅरव्हआउट डझन्ट फिट लेन रिक्वेस्ट’ असा निरोप येतो. फर्मवेअर तेच, डीटीएस तीच, फक्त कर्नलची बांधणी बदललेली. हे सहजासहजी सुचत नाही.

सगळं एकाच पूलमध्ये असेल तर आणखी एक मेख आहे. हा पूल जागा दोनच्या घातांकात वाटतो आणि प्रत्येक वाटप स्वतःच्या आकाराच्या पटीवरच सुरू करतो. ४ केबीची पानं धरली तर १२ केबीच्या व्हीरिंगला प्रत्यक्षात १६ केबी जातात, दोघांना ३२. नंतर २५६ केबीचे बफर ३२ केबीवर सुरू होऊ शकत नाहीत, ते २५६ केबीच्या खुणेवरच बसतात. बेरीज २८८ दिसली तरी लागतात ५१२ केबी. टीआयच्या १ एमबीत हे मावतं. २८८ किंवा ३०० केबीचा काटकसरी पूल केला तर मावत नाही.

पूल ४ जीबीच्या खाली ठेवा. रिसोर्स टेबलमधलं व्हीरिंगच्या पत्त्याचं खण ३२ बिटीच आहे.

पत्ता ठरावीक द्यायचा की कर्नलवर सोडायचा?

रेगऐवजी साइझ, अलाइनमेंट आणि अलोक-रेंजेस दिल्या तर जागा कर्नल निवडतो. फर्मवेअर कुठेही बसू शकत असेल, किंवा तुकडा निव्वळ बफरचा असेल, तर हे छान. लिंकर स्क्रिप्टमध्ये पत्ते गोठलेले असतील तर रेगच.

यॅमल बाइंडिंगमध्ये मेमरी-रीजन कशी लिहावी?

‘मेमरी-रीजन: ट्रू’ एवढं लिहून सोडू नका. किती तुकडे लागतात ते मिनआयटेम्स आणि मॅक्सआयटेम्सने बांधा, आणि आयटेम्सखाली प्रत्येकाचं काम एका वाक्यात लिहा: पहिला व्हीरिंग व बफरसाठी, दुसरा फर्मवेअरसाठी, असं. वेगवेगळ्या चिपांना वेगवेगळी संख्या लागत असेल तर कम्पॅटिबलवर इफ-देन लावा.

प्रसिद्ध झालेला क्रम म्हणजे दिलेला शब्द. नवा तुकडा आला तर शेवटी जोडायचा, मध्ये घुसवायचा नाही, नाहीतर जुनी डीटीबी (संकलित डीटीएस) नव्या कर्नलवर चुकीचा तुकडा हाती देते. पत्ते आणि आकार बाइंडिंगमध्ये येत नाहीत, ते बोर्डचे. व्हीरिंगमध्ये किती डिस्क्रिप्टर हेही इथे नको, ते रिसोर्स टेबलमध्ये असतं. एकच माहिती दोन ठिकाणी लिहिली की एक ना एक दिवस ती जुळेनाशी होते.

उदाहरणात अख्खा रिझर्व्ड-मेमरी नोड देण्याची गरज नाही. तपासणीत उदाहरण प्लगइनसारखं संकलित होतं, त्यामुळे बाहेरच्या लेबलकडे बोट दाखवलेलं चालतं.

तपासणी कशी करायची?

पिपने डीटीस्किमा आणि यॅमललिंट बसवा. मग मेकला डीटी_बाइंडिंग_चेक हे लक्ष्य द्या आणि डीटी_स्किमा_फाइल्समध्ये आपल्या फाइलचं नाव. एकाच बोर्डसाठी चेक_डीटीबीएस=वाय लावून त्याची डीटीबी बांधा, सगळ्या बोर्डांची वाट बघत बसावं लागत नाही. ‘मेमरी-रीजन इज टू शॉर्ट’ आलं तर बोर्डने तुकडे कमी दिलेत, किंवा स्किम्यात मिनआयटेम्स राहिलंय. नोडच्या नावातला पत्ता आणि रेगमधला पत्ता जुळतो ना, हेही ताडून बघा. फरक दिसला तर त्याकडे कानाडोळा करू नका, कारण पत्ता बदलताना एकाच जागी बदलल्याची ती खूण असते.

ही तपासणी नोडच्या नावातली चूक, आकाराचा तुटवडा किंवा फर्मवेअरशी विसंगती पकडत नाही.

‘बॅड पीएचडीआर डीए’ आणि मग उणे २२. काय बघायचं?

फर्मवेअरच्या ईएलएफ फाइलमधला एखादा लोड होणारा भाग अशा पत्त्यावर आहे की जो कुठल्याही रेगमध्ये किंवा राखलेल्या तुकड्यात बसत नाही. रीडएल्फला मोठ्या डब्ल्यूच्या आधी छोटा एल देऊन प्रोग्राम हेडर काढा. निरोपातला पत्ता त्यात शोधा, मग त्या भागाची पूर्ण लांबी धरून तो तुकड्यात मावतो का ते बघा. कारणं साधारण तीन: फर्मवेअर वाढून तुकड्याबाहेर गेलं, लिंकर स्क्रिप्ट दुसऱ्या बोर्डची आहे, किंवा को-प्रोसेसरचा पत्ता मुख्य पत्त्यात बदलणारी नोंद, म्हणजे एसटीवर डीएमए-रेंजेस, चुकली आहे. भागाची फाइलमधली लांबी नव्हे, मेमरीतली लांबी मोजा. बीएसएस (शून्याने सुरू होणाऱ्या चलांचा भाग) फाइलमध्ये जागा घेत नाही, मेमरीत घेतो.

चालू बोर्डवर काय राखलं गेलंय ते कुठे दिसतं?

प्रॉकमधल्या आयओमेम फाइलमध्ये, पण रूट म्हणूनच वाचा, नाहीतर सगळे पत्ते शून्य दिसतात. डीबगएफएसमध्ये मेमब्लॉकखाली रिझर्व्ड ही फाइल असते. रिमोटप्रॉकच्या डीबगएफएस फोल्डरमध्ये कॅरव्हआउट_मेमरीज आणि रिसोर्स_टेबल या दोन फाइली असतात. पहिलीत प्रत्येक तुकड्याचं नाव, दोन्ही बाजूंचे पत्ते आणि लांबी मिळते. नावातली चूक इथे लगेच उघडी पडते: व्हीडेव्ह०बफर या यादीत नसेल तर कर्नलला ते कधी सापडलंच नाही.

को-प्रोसेसर यू-बूट या बूटलोडरनेच सुरू केलाय. मग राखीव तुकडे लागतात का?

लागतात, उलट जास्त काटेकोरपणे. लिनक्स इथे फर्मवेअर चढवत नाही, चालू असलेल्याला नुसता जोडला जातो. त्यामुळे बूटच्या पहिल्या क्षणापासून तो तुकडा कर्नलच्या हाती जाता कामा नये. यू-बूट कर्नल, डीटीबी आणि रॅमडिस्क ज्या पत्त्यांवर ठेवतो ते या तुकड्यांवर येत नाहीत ना, हेही ताडून बघा. रॅमडिस्क फुगत गेली आणि एका आवृत्तीत फर्मवेअरवर चढली, असं घडतं.

ओव्हरलेने (डिव्हाइस ट्रीला वरून जोडलेल्या भागाने) नंतर तुकडा राखता येईल?

कर्नल सुरू झाल्यावर नाही. राखीव मेमरी अगदी सुरुवातीला, मेमरीचं वाटप उभं राहण्याआधी वाचली जाते. ओव्हरले बूटलोडरमध्ये लावा, मग चालतं.

दोन कोरांना एकच तुकडा देता येतो का?

फर्मवेअरचा नाही. कोर आपापसांत बोलण्यासाठी सामायिक जागा वापरत असतील तर तिचा वेगळा नो-मॅप तुकडा करा आणि दोघांच्या यादीत शेवटी जोडा. तुकड्यांची संख्या फार वाढली तर जुन्या कर्नलमध्ये ६४ ची मर्यादा आडवी येते. ‘नॉट इनफ स्पेस फॉर ऑल डिफाइन्ड रीजन्स’ दिसलं तर ती ओलांडली आहे. नव्या कर्नलमध्ये ही यादी गरजेप्रमाणे वाढते. एखाद्या बोर्डवर काही तुकडे नको असतील तर त्यांच्यावर स्टेटस डिसेबल्ड लावलं तरी पुरतं, कर्नल ते राखत नाही. पण मग मेमरी-रीजन यादीतूनही ते काढा.